वर रणरणतं ऊन आणि खाली पंखा बंद

मे महिन्यात दुपारी दोन वाजता बाबांचा सांगलीहून फोन आला. "अगं लाईट गेलीय, पंखा बंद, वर गच्चीवर पाय ठेववत नाहीये इतकं ऊन, मग तुझं ते सोलर काय करतंय?" तुझं ते सोलर, कारण आग्रह माझा होता. ३ किलोवॉटचं, सबसिडीवालं. बसवणाऱ्याने लाईट गेली की हेही बंद पडतं असं एका शब्दाने सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही नव्हतं सांगितलं. मी पुण्यात इन्व्हर्टर टेस्टिंगचंच काम करते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

फोनवर समजावलं ते असं. बाबा, तुम्ही भजनाला जाता ना, तिथे पखवाज ठेका धरतो आणि टाळकरी त्याच्या मागे जातात. पॅनलमधून येते डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, घरात लागते एसी, सेकंदाला ५० हेलकावे, आणि डीसीची एसी करणारा आपल्या गच्चीवरचा इन्व्हर्टर हा टाळकरी आहे, तो ग्रिडची, म्हणजे बाहेरच्या तारांवरून येणाऱ्या विजेची, लाट बघतो आणि तिच्या तालावर करंट ढकलतो. पखवाज थांबला की टाळ खाली. तो मुद्दामच तसा केलाय, नाहीतर लाईट गेली म्हणून खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या गच्चीवरून शॉक बसायचा.

बाबा म्हणाले, मग आपला जुना इन्व्हर्टर बरा होता की, तो कुणाला विचारत नव्हता. आणि हे अगदी बरोबर आहे! लोडशेडिंगच्या काळात आमच्याकडे तो स्वस्तातला होता, गुळगुळीत लाटेऐवजी चौकोनी लाट देणारा, लाईट गेली की आत 'टक्' व्हायचं आणि पंखा घूंऽऽ करत फिरायला लागायचा, आजी म्हणायची पंख्यात भुंगा शिरलाय. बाबा दर महिन्याला बॅटरीची झाकणं उघडून डिस्टिल्ड वॉटर घालायचे. तर तो डबा स्वतःचा ठेका स्वतः धरायचा, फक्त एकटा असेल तेव्हाच. दुसरा कुणी वाजवत असेल तर त्याच्याशी जुळवून घेणं त्याला येत नव्हतं. स्वतः ठेका धरायचा आणि बाकीच्यांशी जुळवूनही घ्यायचं, हे दोन्ही एकाच डब्याला जमवणं, सध्या सगळी मारामारी त्याच्यासाठी चाललीय, त्याला ग्रिड-फॉर्मिंग म्हणतात.

आता मोठं चित्र. पेपरात बॅटरी स्टोरेजची बातमी येते तेव्हा फोटो बॅटरीच्या कंटेनरचा आणि कौतुकही बॅटरीचंच. शेजारी अजून एक डबा असतो, पीसीएस, पॉवर कन्व्हर्जन सिस्टिम, म्हणजे मोठा इन्व्हर्टरच, त्याला कुणी विचारत नाही. छत्तीसगडमध्ये राजनांदगावला सोलरबरोबर ४० मेगावॉट आणि १२० मेगावॉट-अवरचं स्टोरेज आहे, यातला पहिला आकडा, एका वेळी किती जोर लावता येतो तो, ढोबळमानाने या डब्याचा आणि दुसरा, एकूण किती साठतं तो, बॅटरीचा, म्हणजे पूर्ण जोर लावला तर तीन तास पुरेल. दिल्लीत रोहिणीला २०१९ मध्ये लावलेलं १० मेगावॉट आणि १० मेगावॉट-अवर, म्हणजे एक तास. आत काय आहे तर आयजीबीटी नावाचे स्विच, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारे, त्यातून कमी-जास्त रुंदीचे डीसीचे तुकडे पडतात आणि पुढे कॉईल आणि कपॅसिटर त्या तुकड्यांची कडा घासून गुळगुळीत लाट करतात. चार्जिंगच्या वेळी तोच डबा उलटा चालतो. तापतो पण चांगलाच, टेस्टिंगला आमचा अर्धा वेळ पंखे, हीटसिंक आणि टेम्परेचर यातच जातो.

ठेका धरणारा लागतो कशाला, तर आत्तापर्यंत ते काम चंद्रपूर-कोराडीच्या टर्बाईननी फुकटात केलं. मिनिटाला ३००० फेरे मारणारं ते अवजड लोखंड, कुठेतरी काही ट्रिप झालं तरी त्याचा वेग एकदम पडत नाही, तेवढ्यात बाकीचे सावरून घेतात. सोलरमध्ये फिरणारं काहीच नाही.

हे प्रकरण जाम अंगावर आलं ते साऊथ ऑस्ट्रेलियाच्या. २८ सप्टेंबर २०१६, वादळात टॉवर आडवे झाले, व्होल्टेज लागोपाठ बुडालं, आणि बऱ्याच पवनचक्क्यांनी सात सेकंदांच्या आत ४५६ मेगावॉट कमी केले, मग शेजारच्या राज्यातून येणाऱ्या लाईनवर सगळा भार आला, ती ट्रिप झाली आणि अख्खं राज्य अंधारात. लोकांनी वाऱ्याला शिव्या घातल्या. माझ्या मते वारा बिचारा वाहतच होता, कंट्रोलमध्ये सेटिंग होतं की इतक्या वेळा व्होल्टेज बुडालं की माघार घ्या, त्यांनी माघार घेतली. पुढच्याच वर्षी तिथे हॉर्न्सडेलला १०० मेगावॉटची टेस्लाची बॅटरी बसली, १०० दिवसांत नाही झाली तर फुकट असं मस्क म्हणाले होते ती. डिसेंबर २०१७ मध्ये शेजारच्या व्हिक्टोरियात कोळशाचा ५६० मेगावॉटचा युनिट पडला तेव्हा तिने डोळ्याची पापणी लवायच्या आत करंट द्यायला सुरुवात केली, दिला किती तर सातेक मेगावॉट, त्यामुळे 'बॅटरीने ग्रिड वाचवलं' वगैरे फॉरवर्ड जरा जास्तच होते. मला भारी वाटतं ते २०२२ चं, जेव्हा तिच्या इन्व्हर्टरला टर्बाईनसारखं वागायला शिकवून ते रीतसर सुरू केलं. नवं लोखंड नाही, बदल कंट्रोलमधला.

असो, सांगलीत. त्या संध्याकाळी ओळखीचा इलेक्ट्रिशियन घरी येऊन म्हणाला, काका, सोलर जुन्या इन्व्हर्टरच्या आउटपुटला जोडून देतो, तो ठेका धरेल, सोलर मागे जाईल. कल्पना ऐकायला लई भारी! पण दुपारी घरात लोड एक पंखा आणि वरून येणार दोन-अडीच किलोवॉट, उरलेलं उलटं त्या जुन्या डब्यात शिरणार, आणि उलटं घ्यायची त्याची तयारीच नाही, बॅटरी उकळेल नाहीतर डबा जळेल. मी फोनवर जवळजवळ ओरडलेच. त्याने वायर गुंडाळली, चहा घेतला, गेला.

हायब्रिड इन्व्हर्टरचं, म्हणजे सोलर आणि बॅटरी दोन्ही सांभाळून लाईट गेल्यावरही चालणाऱ्याचं, कोटेशन मागवलंय. आकडा बघून बाबा म्हणाले, एवढ्यात तर आपण मे महिनाभर महाबळेश्वरला राहू.