गॅस गिझरची नळी आणि आमची कमिटी

पाइप गॅसवरचा गिझर बसवायचा म्हणजे फार काही नसतं. गॅस कंपनीकडे जादा पॉइंटसाठी अर्ज टाकला, त्यांची माणसं येऊन तांब्याची पाइप ड्राय बाल्कनीपर्यंत ओढून गेली, लीकपण तपासून झालं. रखडलं ते धुराच्या नळीसाठी पाडायच्या एका भोकावर.

आम्ही मुलुंडला राहतो, बिल्डिंग जुनी. गिझर पेटला की धूर होतोच, फक्त डोळ्याला दिसत नाही, आणि हवा कमी पडली तर त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग ना वास. गॅसचा जो घाण वास येतो तो लीक कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो, जळल्यावर तो उरत नाही, त्यामुळे नाकावर भरवसा ठेवून चालत नाही. डोकं दुखतं, गरगरतं, आणि बंद बाथरूममध्ये माणूस तिथेच पडतो. म्हणून गिझर बाथरूमच्या बाहेर आणि नळीचं तोंड मोकळ्या हवेत, हे मी आधीच ठरवलेलं.

कमिटी म्हणाली बाहेरच्या भिंतीला हात लावायचा नाही, नुकतंच वॉटरप्रूफिंग आणि रंगकाम झालंय. बरं, ते समजू शकतो, पैसे आम्हीपण भरलेत. पण पुढे सेक्रेटरी काय म्हणावेत, "अहो डक्टमध्ये सोडा ना, कोणाला दिसणारपण नाही!" डक्टमध्ये?? जिथे वरच्या सगळ्या मजल्यांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात तिथे? म्हणजे खाली मी गरम पाण्याने आंघोळ करणार आणि वरच्या काकू माझा धूर ओढणार. हे समजावलं तर म्हणे लेखी द्या. लेखी दिलं तर म्हणे मीटिंगमध्ये ठेवू. मीटिंग पार्किंगच्या भांडणातच संपली. पुढच्या वेळी म्हणे वरच्या फ्लॅटवाल्यांची सही आणा, ती आणली तर शिक्का खजिनदारांकडे आणि खजिनदार गणपतीला गावी, तिथे रेंज नाही. तोवर गिझरचं खोकं हॉलमध्ये, आई त्यावर पेपरची रद्दी रचायला लागली होती. सगळ्यात राग याचा आला की कोणी "नाही" म्हणत नव्हतं, नुसतं "बघू".

शेवटी मार्ग सुचवला तो खिडकीवाल्याने. ड्राय बाल्कनीच्या स्लायडिंग खिडकीची वरची एक काच काढली, तिथे अॅल्युमिनियमचा पत्रा बसवला, पत्र्याला गोल भोक, त्यातून नळी बाहेर. भिंतीला टाचणीपण लागली नाही! कमिटीला तेच पत्रात लिहून दिलं, शिक्का मिळाला. मी तर म्हणेन परवानगी मागायला जायच्या आधी खिडकीवाल्याला बोलवा. आणि उरलेली खिडकी कायम सील करून टाकू नका, गिझरला ताजी हवा लागते. पाइप गॅस हवेपेक्षा हलका असतो, वर जातो, त्यामुळे वरच्या बाजूला जाळी हवीच. सिलेंडरच्या गॅसचं उलट, तो जड असतो, खाली साचतो.

हो, गिझर घेताना तो पाइप गॅससाठीचा आहे ना हे दुकानातच बघा, सिलेंडरवाल्याचे जेट (बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकं) वेगळे असतात, तसाच जोडायचा नाही. गॅस लीकचा अलार्म लावलात तरी तो कार्बन मोनॉक्साइड पकडेलच असं नाही, त्याचा वेगळा येतो, मी तोही लावलाय, बायको म्हणते अति करतोस, करू दे.

आणि गच्चीवरच्या टाकीच्या लगेच खाली, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी आधी पाण्याचं प्रेशर बघा. हा गिझर पाण्याच्या धारेवर पेटतो, धार बारीक असली तर नुसता टकटक करतो. आमच्या वरच्यांना त्यासाठी छोटा पंप लावावा लागला, त्याचीही परवानगी म्हणे मीटिंगमध्ये ठेवणारेत.