घोड्याचा विमा काढायचाय म्हटल्यावर

आमचा राजा सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेला, पांढऱ्या टिळ्याचा, माथेरानला दस्तुरीपासून, म्हणजे गाड्या थांबतात त्या नाक्यापासून, वर पॅसेंजर नेतो, इथे गाड्यांना बंदी म्हणून तर आमचं पोट चालतं. मागच्या पावसाळ्यात लाल चिखलात घसरला, गुडघा फुटला, तेव्हा विम्याचं डोक्यात आलं. एका एजंटला फोन केला तर तो म्हणतो गाडीचा नंबर सांगा! अहो घोडा आहे. शेवटी सरकारी कंपनीत गेलो. तिथे जनावरांच्या डॉक्टरचा दाखला लागतो, वय, रंग, खुणा, फोटो सगळं लिहून घेतात, आणि किंमत डॉक्टर सांगेल तीच, आपण काय मोजले ते नाही. मी आधी स्वस्तातला हप्ता बघत होतो, पण नीट वाचलं तर त्यात फक्त मेला तरच पैसे, लंगडा होऊन कायमचा कामातून गेला तर त्याचं कव्हर वेगळं, हप्ता जास्त. आमच्या धंद्यात घोडा मरण्यापेक्षा लंगडतो जास्त, म्हणून ते घेतलंच. औषधपाण्याचा खर्च मात्र खिशातूनच. आणि बाबांनो, घोडा गेला तर पोस्टमॉर्टेम झाल्याशिवाय पुरू नका.