भेगाळलेल्या काळ्या रानात दोन रात्री: माजलगाव ते धारूर

फेब्रुवारीच्या अखेरीस माजलगावजवळ मामांच्या रानात दोन रात्री काढल्या. शालू, म्हणजे रब्बीची ज्वारी, निघाला होता, कडबा बांधाला लागला होता आणि काळ्या मातीला मनगट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. मला बघायचा होता मऊ केसांचा शेतउंदीर, मिलार्डिया मेल्टाडा.

ताज्या मातीचा ढीग दिसला तिथं मी बसलो, तर मामा म्हणाले, "ती घूस हाय. उकरलं तर कणसं निघतील." घूस माती बाहेर लोटते आणि बिळात धान्य साठवते. मेल्टाडा उन्हाळ्यात आयत्या भेगांत राहतो. साडेआठला एक वर आला. पाठ करडी-तपकिरी, पोट पांढरट, कान मोठे नि गोल, शेपूट वरून गडद, खालून फिकट. ज्वारीचा दाणा पुढच्या पायांत धरून त्यानं तो शांतपणे सोलला. माझा श्वास अडकला होता! पावसाळ्यात भेगा मिटतात, पाणी भरतं आणि यांतले कितीतरी मरतात, हे आठवून वाईटही वाटलं.

हाच उंदीर पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंकेपर्यंत आहे. त्याचा एक भाऊबंद, मिलार्डिया ग्लीडोवी, वायव्येच्या रेताड, कोरड्या मुलखात राहतो. दुसरा, मिलार्डिया कोंडाना, शास्त्राला 1975 मध्ये सिंहगडाच्या माथ्यावरून कळला. त्याचं नावही कोंढाण्यावरूनच पडलं. तो सह्याद्रीच्या माथ्यांपुरताच उरलाय आणि धोक्यात आहे. म्हणून आपल्याकडं दिसेल तो उंदीर 'एकच जात' म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

दुसऱ्या रात्री धारूरचा घाट चढलो. तिथं मुरूम आहे, भेगा नाहीत. पडीक माळावर दिसला तो लांब मागच्या पायांचा, शेपटीला काळा झुबका असलेला जर्बिल. हा मेल्टाडाचा भाऊबंद नव्हे, दूरचा नातलग.

जाणार असाल तर शालू निघाल्यावर, पावसाआधी जा. पिकात शिरू नका, रानमालकाला विचारूनच पाय टाका. विजेरीला लाल कागद लावा, पांढऱ्या उजेडाला उंदीर बुजतो. पायात बूट हवेत. उंदीर आहे तिथं घोणस येते, माळावर फुरसंही असतं. भेगेत हात अजिबात घालू नका. कुठल्या बांधावर झिंक फॉस्फाईडचं, म्हणजे उंदीर मारायच्या विषाचं, आमिष टाकलंय ते दिवसाउजेडी विचारून घ्या, आणि मेलेला उंदीर दिसला तर हात लावू नका.