खानदेशच्या उन्हात वेगवान गाडीचे टायर

मे महिन्यात भुसावळच्या डांबरावर वांगं ठेवलं तर भरीत होईल, असं आपण गमतीने म्हणतो. त्याच डांबरावर गाडीचे चार टायर तासन्‌तास धावत असतात. तरी दुकानात पहिला प्रश्न येतो तो "रुंद टायर बसेल का?" हाच. आमच्या मते हा प्रश्न शेवटचा असायला हवा. आधी बघायचं ते टायर किती वजन पेलतो, मग साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, मग कंपाउंड, म्हणजे रबराचं मिश्रण.

फोक्सवॅगनच्या व्हर्टस जीटीसारखी १५० पीएस (अश्वशक्ती) ताकदीची गाडी घेऊ. तिचा साइज २०५/५५ आर १६. म्हणजे रुंदी २०५ मिमी, साइडवॉल त्याच्या ५५ टक्के, साधारण ११३ मिमी, आणि रिम १६ इंची. हौसेने १८ इंची अलॉय लावून २२५/४० आर १८ बसवला तर चाकाचा एकूण व्यास ६३२ वरून ६३७ मिमी होतो. स्पीडोमीटरला फरक जाणवतही नाही, म्हणून सगळं ठीक वाटतं. पण साइडवॉल उरते ९० मिमी. खड्ड्याची कड लागली की रबर दबायला जागाच नसते. ते रिम आणि रस्ता यांच्यात चिमटतं, आतले धागे तुटतात आणि दोन दिवसांनी बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. तो स्टेपनीतही ठेवू नका, काढून टाका.

दुसरा घोटाळा साइजच्या पुढच्या आकड्यात असतो, आणि तो फारसं कुणी वाचत नाही. मूळ टायरवर ९१ असेल तर एक टायर ६१५ किलो पेलतो. १८ इंचीत साधा टायर बहुतेक ८८ चा मिळतो, म्हणजे ५६० किलो. मागे तीन माणसं, डिकी भरलेली, बाहेर ४४ अंश आणि १०० चा वेग, अशा वेळी हाच फरक महागात पडू शकतो. १८ इंची लावायचाच असेल तर ९२ एक्सएल (जास्त वजनासाठी बांधलेला) मागा, तो ६३० किलोचा असतो. आमचं मत विचाराल तर १७ इंची २२५/४५ वर थांबा: व्यास ६३४ मिमी, साइडवॉल १०१ मिमी, रिम मात्र किमान ७ इंच रुंद हवी.

आकड्यानंतरचं अक्षर वेगमर्यादेचं. एच म्हणजे २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३०० किमी. आपल्याला एवढा वेग कुठे लागतो, असं वाटेल. पण वरच्या अक्षराचा टायर जास्त वेगात निर्माण होणारी उष्णता सोसण्यासाठी बांधलेला असतो, म्हणून कंपनीने दिलेल्या अक्षराच्या खाली उतरू नका.

कंपाउंडमध्ये तडजोड करावीच लागते. मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट ४ सारखा मऊ टायर चाळीसगाव-कन्नड घाटात वळणावर रस्ता घट्ट धरतो, पण लवकर झिजतो. त्याच कंपनीच्या प्रायमसीच्या जातीचा टायर टिकतो, आवाज कमी करतो, पकड मात्र थोडी कमी. रोजचं धुळे-जळगाव आणि वर्षातून चार वेळा घाट असेल तर प्रायमसीच्या जातीचाच घ्या. टायरवरचा ट्रेडवेअर, म्हणजे झिजेचा आकडा एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला ठीक आहे. दोन कंपन्यांमध्ये त्यावर विसंबू नका, कारण तो आकडा कंपनी स्वतःच ठरवते. टेम्परेचर ग्रेड, म्हणजे उष्णता सोसण्याची श्रेणी, मात्र 'ए'च असावी.

पावसात रुंदी अंगावर उलटते. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो. त्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेली काळी माती ओली झाली की साबणासारखी होते. खाचांच्या खोलीची कायद्याची हद्द १.६ मिमी असली तरी वेगवान गाडीचे टायर खाचा ३ मिमीवर आल्या की बदला.

घेताना टायरच्या बाजूवर 'DOT'ने सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. वर्षापेक्षा जुना आणि दुकानाबाहेर उन्हात टांगलेला टायर स्वस्त मिळाला तरी सोडा.

हवेचं गणित इथे सगळ्यात जास्त चुकतं. सकाळी २८ अंशात, थंड टायरमध्ये ३३ पीएसआय भरली, तर दुपारी धावून ६५ अंशांपर्यंत तापलेल्या टायरमध्ये ती ३९ दाखवते. हे अपेक्षितच आहे. पंपावरचा पोरगा "जास्त झाली" म्हणून ३३ वर आणून सोडतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टायरमध्ये २८ च उरते. कमी हवेत साइडवॉल जास्त वाकते, वाकल्याने तापते, आणि फुटते. म्हणजे ज्या भीतीने हवा सोडली, तेच होतं. हवा तपासायची ती गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावर. नायट्रोजनवर पैसे घालायची गरज नाही. साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो.

बसवताना बाणाची दिशा आणि 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बघा, मग अलाइनमेंट. आतली कड झिजत असेल तर टायरला दोष देऊ नका, टो किंवा कॅम्बर, म्हणजे चाकांचे कोन तपासा. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर जास्त.

दोनच नवे घेतले तर ते मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. मागचे टायर आधी घसरले की गाडी स्वतःभोवती फिरते. पहिले दीडशे किलोमीटर जपून चालवा, नव्या रबराचा गुळगुळीत थर तोवर जात नाही. आणि पन्नास-एक किलोमीटरनंतर नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासून घ्या.