तुम्ही विचारलंत म्हणून: मी नंबर का काढत नाही

"मॅडम, एवढं शकुंतलेचं काम करून घेता पोट्ट्यांकडून, मग नंबर काऊन नाही काढत?" तान्हा पोळा जवळ आला की हे सुरू. लाकडी बैलांच्या सजावटीला बक्षीस असतं, मग माझ्या सपरीत पोरं करतात त्या शकुंतलेच्या, म्हणजे आमच्या यवतमाळ-मूर्तिजापूरच्या छोट्या आगगाडीच्या, नमुन्यांना का नको? दरवर्षी "पुढच्या साली पाहू" म्हणून मी टाळते.

तर ऐका, मी नंबर काढत होते. आणि काही वाईट चाललं नव्हतं. पऱ्हाटीच्या काड्यांचे रूळ, काडेपेट्यांचे डबे. रुळांतलं अडीच फुटांचं अंतर पोरं दारात टेप लावून मोजायची. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ ला उतरवलं, मग डिझेल आलं, सगळं तोंडपाठ. पाहुणे खूश. मीही.

त्या साली सहावीतल्या एका मुलीनं नुसतं फाटक आणलं. पऱ्हाटीचा आडवा दांडा, सुतळीनं बांधलेला, वरखाली होणारा. शेजारी चिंधीचा माणूस, एक पाय उचललेला.

"गाडी कुठं आहे?"

"गेली नं, मॅडम. आबाजी फाटक उघडून तिच्या मांगं पळून रायले."

शकुंतला फाटकाअलीकडे थांबायची. गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे गेली की उघडून पुन्हा चढायचा. हे मला ठाऊक नव्हतं थोडंच! लहानपणी आम्ही त्यावरच हसायचो. तरी पाहुण्यांसमोर मी म्हटलं, "विषय शकुंतला आहे बेटा, अर्धवट काम आणू नये," आणि ते उचलून टेबलाखाली ठेवलं. पहिला नंबर दिला रंगवलेल्या डब्यांना. ते बापानं केलेले होते, हे दिसत होतं मला.

दोन दिवसांनी तिच्या घरी गेले. आबाजी खाटेवर बसलेले. फाटक मागितलं तर आई म्हणाली, "ते? चुलीत टाकलं तिनं सोताच. पऱ्हाटीच तं होती."

आबाजींनी मला चहा घ्यायला लावला.

एका पोरीपायी सगळ्यांचं बक्षीस घालवलं म्हणता? असेल. नंबर बंद झाल्यापासून मोठी पोरं येतच नाहीत. कंपासपेटीसाठी का होईना, यायची तरी. आणि तेव्हाची मी अजून भांडते माझ्याशी: विषय सांगितला होता, नियम होता, चुकलं कुठं? तिला गप्प करणं मला जमलेलं नाही.

मागच्या पोळ्याला ती मुलगी धाकट्या भावाला सोडून दारातूनच परत गेली. त्याच्या हातात सात डब्यांची गाडी.

"नंबर आहे का?"

नाही म्हटल्यावर तोंड पाडून बसला.