झोप कधीपासून बिघडली?

आज मावसबहिणीसोबत तिच्या कॉलेजातल्या मुलाला घेऊन कॉलेज रोडला मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले होते. बाहेरची बाधा आहे, त्र्यंबकला शांती करा, असं नातेवाइकांचं चाललेलं. (नाशकात हा सल्ला फुकटच मिळतो!) डॉक्टरांनी विचारलं ते वेगळंच. झोप कधी बिघडली? मित्र कधी तुटले? आंघोळ, अभ्यास कधी सुटला? गांजा ओढतो का? अशा मानसिक आजारात कुणी नसताना कानात बोलण्याचे आवाज येणं, शेजारी पाळत ठेवतात असं वाटणं हे बऱ्याचदा नंतर येतं. त्याआधी पोरगं आतल्या आत मिटत जातं आणि आपण त्याला आळशी म्हणतो. स्किझोफ्रेनिया (भास आणि भ्रम होणारा मानसिक आजार) हे नाव डॉक्टरांनी लगेच दिलं नाही. त्यासाठी लक्षणं किमान महिनाभर टिकलेली असावी लागतात. गोळ्या मात्र सुरू केल्या. कुणाला विचारायचं असेल तर टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन): १४४१६, मोफत, चोवीस तास.