जूनमध्ये सुरू होतो, सप्टेंबरात भरतो

फ्लोरिडात १ जून म्हणजे हरिकेनच्या, म्हणजे अटलांटिकमधल्या जोरदार चक्रीवादळांच्या, मोसमाचा पहिला दिवस. तो ३० नोव्हेंबरपर्यंत चालतो. दुकानांत पाण्याचे खोके, बॅटऱ्या, खिडक्यांवर ठोकायचं प्लायवूड दर्शनी भागात येतं. नवीन माणूस तेव्हाच धास्तावतो. इथले जुने लोक जून-जुलै निवांत असतात आणि ऑगस्ट अर्धा सरला की आफ्रिकेचा नकाशा बघायला लागतात!

आफ्रिकेचाच का? पश्चिम आफ्रिकेवरून दर काही दिवसांनी ढगांच्या, पावसाच्या लाटा अटलांटिकमध्ये उतरतात. इकडे येणाऱ्या कित्येक मोठ्या वादळांचं बीज त्यांत असतं. बहुतेक लाटा मात्र विरूनच जातात.

वादळ जगायचं तर पाणी साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर हवं, आणि नुसतं वरवर नाही. वादळ समुद्र घुसळून खालचं गार पाणी वर आणतं, त्यामुळे सुमारे ५० मीटर खोलपर्यंत ऊब लागते. समुद्र सावकाश तापतो. सूर्य जूनमध्ये डोक्यावर असला तरी पाण्याची उष्णता सप्टेंबरात शिगेला पोचते, म्हणून वादळांचा भर १० सप्टेंबरच्या आसपास असतो.

त्या पाण्याची वाफ वर चढते, तिचे ढग होतात आणि वाफेत साठलेली उष्णता हवेत सुटते. तापलेली हवा आणखी वर जाते, खाली दाब घटतो, आजूबाजूची दमट हवा आत धावते आणि तीही वर चढते. पृथ्वी फिरत असल्यामुळे ही हवा सरळ न येता वळते आणि भोवरा तयार होतो. विषुववृत्ताजवळ हे वळण फारच क्षीण, त्यामुळे तिथे वादळं जवळजवळ होतच नाहीत. वाऱ्याचा वेग ताशी ११९ किलोमीटरवर गेला की त्याला हरिकेन म्हणायचं.

पण माझ्या मते खरी मेख वरच्या वाऱ्यांत आहे. खाली एक वारा आणि वर भलत्याच दिशेचा जोरदार वारा असेल, तर ढगांचा उभा मनोरा कलतो आणि भोवरा विस्कटतो. एल निनोच्या वर्षी, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी विषुववृत्ताजवळ नेहमीपेक्षा तापतं तेव्हा, अटलांटिकवर असे वारे वाढतात. सहाराची कोरडी, धुळकट हवाही वादळाचा दम काढते. अरबी समुद्राचंही तसंच: ऐन पावसाळ्यात वर-खाली उलट दिशांचे वारे असतात, म्हणून तिथली चक्रीवादळं मुख्यतः पावसाळ्याच्या आगेमागे येतात.

दरवर्षी यंदा किती वादळं होणार याचे अंदाज निघतात. मी ते वाचते, पण त्यावर भिस्त ठेवत नाही. १९९२चा मोसम एकूण शांतच होता. नाव मिळालेलं पहिलं वादळ थेट ऑगस्टच्या मध्यावर आलं. ते अँड्र्यू. २४ ऑगस्टला पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचं होऊन ते मायामीच्या दक्षिणेला धडकलं आणि होमस्टेड गाव उद्ध्वस्त करून गेलं.